चेकरची सही

हा माणूस नेमकं काय करत होता, हे त्याच्या शेजारी अकरा वर्षं राहूनही मला कळलं नाही, आणि आता सांगायला तोही उरला नाही. विश्व, गुरुत्वाकर्षण, सुरुवात, शेवट हे शब्द त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की घरच्या तेलामिठासारखे झाले. अर्थ विचाराल तर मी कोरा. तरीही त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामावर लाल पेन्सिल फिरवली ती मीच. हे कसं झालं ते सांगतो. माझ्याही डोक्यात ते अजून नीट बसलेलं नाही, तेव्हा कुठं गोंधळ वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. माझ्या थोरल्या भावाचा तो वर्गमित्र. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये आमची क्वार्टरं पाठीला पाठ लावून होती. त्याचे वडील भंडाऱ्याकडून आलेले, कारखान्यात क्रेन चालवायचे. पोरगा शिकत शिकत इतका पुढं गेला की कुठं गेला हे सांगायला त्याच्या वडिलांकडं शब्द नव्हता. मोठ्या शहरातल्या संशोधनाच्या संस्थेत तो पस्तीस वर्षं होता. मित्रांनी विचारलं की वडील म्हणायचे, 'वर पाहायची नोकरी आहे.' आमची अशी समजूत होती की हा दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल.

तेही खोटं निघालं. निवृत्त झाल्यावर लोक नागपूर नाहीतर पुणं गाठतात. हा उलटा आला आणि वसाहतीबाहेर कोहक्यात वडिलांनी बांधलेल्या घरात, विधवा बहिणीजवळ राहू लागला. माझं घर भिंतीला भिंत लागून. एकदा गल्लीतल्या लोकांनी त्याला गच्चीवर बोलावलं आणि शनी कुठला ते दाखवा म्हणाले. दादानं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सांगितलं की आकाशातलं मला काही ओळखता येत नाही, मी कागदावरचा माणूस आहे. लोक हसले. मीही हसलो, पण मनातून खट्टू झालो. शनी ओळखता येत नाही तर पगार कशाचा घेतला, असं वाटलं.

खरं तर कागदावरचा म्हणणंही अर्धवटच. गणित तो फरशीवर करायचा. घराला पुढं सिमेंटच्या कोब्याची गुळगुळीत ओसरी होती. सकाळी चहा झाला की उकिडवा बसून खडूनं लिहीत सुटायचा आणि भिंतीपर्यंत पोचला की मागं सरकत दारात यायचा. ताईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, ओसरी रोज पुसायची सवय. दोघांत मग एक तह झाला होता. जे ठेवायचं त्याभोवती दादानं चौकट आखायची आणि ताईनं चौकट सोडून पुसायचं. पाहुणे चपला काढताना चौकटीत पाय पडणार नाही याची काळजी घेत. दूधवाला तर कॅन हातात धरून नदीतल्या दगडांवरून यावं तसा यायचा. चौकटीत काय लिहिलंय हे ताईलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, "मले वाचता नाही येत ते, पण पुसलं तर त्याचं जेवण जात नाही, एवढं समजते."

लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की तो गंभीरपणे सांगायचा, सुट्टी मिळाली नाही. रेशनवाल्याला तो म्हणायचा की वजनाचं काम करतो. बँकेत शिक्षक सांगायचा. मला एकदा म्हणाला, "जग खाली पडून राहिलं आहे, चेकर. कुठं जाऊन थांबते ते पाहून राहिलो." मी मान डोलावली. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली की तुम्ही दोघंही डॉक्टरला दाखवून घ्या.

चेकर हे माझं नाव नव्हे, पेशा. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी चौतीस वर्षं नकाशे तपासले. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही. दुसरी सही झाल्याशिवाय नकाशा टेबलावरून हलत नाही. तपासणारा दोन पेन्सिली घेऊन बसतो. बरोबर त्यावर पिवळी, चूक त्यावर लाल. एकेक माप, एकेक बाण. यंत्र कशाचं आहे, कुठं बसणार आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दादाला या चौकटीचं फार कौतुक होतं. त्याच्या धंद्यात अशी चौकट नाही, म्हणायचा. तिथं हुशार माणसं तपासतात, आणि हुशार माणूस पाच ओळी वाचतो, पुढच्या वीस त्याला वाचायच्या आधीच पटलेल्या असतात.

एकदा मीना बाजार, म्हणजे झुल्यापाळण्यांची जत्रा लागली होती. दादानं दुपारी मला हाक मारली आणि हातात बाथरूममधला वजनकाटा दिला. मला वाटलं दुरुस्तीला न्यायचा आहे. त्यानं मला थेट आकाशझुल्यात बसवलं, म्हणजे उभं केलं. साठी उलटलेला मी, झुल्याच्या पाळण्यात दांडी धरून वजनकाट्यावर उभा, आणि समोर हा चष्मा कपाळावर घेऊन काट्याकडं वाकलेला. झुलेवाला खालून त्याच्या बोलीत ओरडत होता, बसा म्हणून, "का करत हव बबा, बइठव!" पाळणा वरून खाली येऊ लागला आणि काटा चार-पाच किलोंनी घसरला. तळाशी आलो तर तेवढाच वर चढला.

माझं वजन गेलं कुठं, मी विचारलं.

"ते तुझं नव्हतंच," दादा म्हणाला. "खालची पाटी तुले ढकलून राहिली आहे, त्याले तू वजन म्हंतो. पाटी काढून घेतली तर तू मोकळा."

"पाटी काढून घेतली तर मी मरीन, दादा."

"ते नंतर. आधी मोकळा."

उतरल्यावर त्यानं सांगितलं की लहानपणी वडिलांनी अशाच झुल्यात बसवलं होतं आणि खाली येताना पोट हलकं का होतं हे विचारल्यावर त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य तेवढ्याच एका प्रश्नापायी गेलं. मी विचारलं, मग उत्तर मिळालं का? तो म्हणाला, झुल्यापुरतं मिळालं. बाकीच्याचं सांगता येत नाही. अशी उत्तरं तो द्यायचा आणि मग गुपचूप शेंगदाणे खायचा.

विहारात जयंतीच्या आठवड्यात त्याचं भाषण ठेवलं होतं. मंडप भरलेला. आपला माणूस, एवढा मोठा शास्त्रज्ञ, विश्वावर बोलणार. दादा उभा राहिला आणि म्हणाला की विश्वाला सुरुवात होती की नव्हती यावर मी पस्तीस वर्षं काम केलं, मला माहीत नाही, जय भीम. आणि बसला. लोकांना टाळ्या वाजवायच्या की थांबायचं ते कळेना. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे उपासक उठून म्हणाले की तथागतानंसुद्धा हा प्रश्न बाजूलाच ठेवला होता. दादा बसल्या जागेवरून म्हणाला, "तथागत शहाणे होते, काका. त्यायनं ठेवला, मी पगार घेऊन उचलला." मग मात्र टाळ्या पडल्या. ताई घरी येऊन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

एवढं सगळं असूनही दादाचं एक काम होतं ज्याला तो 'माहीत नाही' म्हणत नसे. तरुणपणी केलेलं एक गणित. त्यावर त्याचं नाव झालं, त्यावर त्याला नोकरी मिळाली. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच की मोठं काहीतरी स्वतःच्याच भारानं कोसळत जातं, सगळे म्हणतात ते कोसळून एका टिंबात संपतं, आणि दादाच्या गणितात ते टिंबाच्या अलीकडं थांबतं आणि परत फिरतं. संपत नाही. त्याची एक विद्यार्थिनी याच गणिताच्या पायावर डॉक्टर झाली होती, आता दक्षिणेत कुठंतरी प्राध्यापक होती. ती पुस्तक लिहीत होती. तिनं सरांना कळवलं की तुमचं मूळ गणित आरंभापासून स्वच्छ लिहून पाठवा, पुस्तकात घालते. दादानं ते फरशीवर नाही, कागदावर लिहिलं. शंभरेक पानं. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"चेकर, तपासून दे."

मी हात जोडले. म्हटलं, मले यातलं ओ का ठो समजत नाही.

"म्हणूनच तुले सांगून राहिलो," तो म्हणाला. "समजणाऱ्याले तर मी मागंच दाखवलं होतं."

आता नाही म्हणायचं कसं? दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोन तास त्याच्या जेवणाच्या टेबलावर बसू लागलो. त्यानं मला नियम शिकवले. कोणतं अक्षर खालून वर गेलं की काय बदलतं, कंस सुटला की चिन्ह कसं वागतं. मी एका ओळीतली चिन्हं बोटानं पकडून पुढच्या ओळीत शोधायचो. सापडलं की पिवळं. अर्थ शून्य. पण खरं सांगतो, निवृत्त झाल्यावर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी सवयीनं एक प्रश्न विचारला होता. नकाशा हातात आला की चेकर आधी पाहतो तो अँगल. एकच वस्तू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. एकीत उजवीकडचं चित्र डावीकडं येतं, दुसरीत उजवीकडंच राहतं. आमच्याकडचे जुने रशियन नकाशे पहिल्या पद्धतीचे, नंतर आलेले काही दुसऱ्या. दोन्ही बरोबर. पण अर्धा नकाशा एका पद्धतीनं आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीनं वाचला तर वस्तू उलटी बनते. आयटीआयमध्ये असताना माझ्या हातून एक ब्रॅकेट असाच उलटा निघाला होता, आणि उस्तादानं तो वर्षभर माझ्या टेबलावर ठेवायला लावला होता. म्हणून मी दादाला विचारलं, तुमच्यात अँगल असतो का?

दादा खूश झाला. म्हणाला, "असते ना. काळ आणि जागा आमी एकाच गणितात धरतो. काही लोकं काळापुढं वजा लावते अन् जागेपुढं अधिक. काही लोकं उलटं लावते. दोघंही बरोबर. एक धरलं की मंग सोडाचं नाही." आणि त्यानं पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहून दिलं, काळ वजा.

एकेचाळिसाव्या पानावर एक लांबलचक सूत्र होतं. ते दादानं सोडवलेलं नव्हतं, एका जुन्या पुस्तकातून उचललेलं होतं, तसं समासात लिहिलंही होतं. बाहेरून आलेला भाग असला की चेकर त्याचा मूळ नकाशा मागवतो. ताईनं स्टूलवर चढून पुस्तक काढून दिलं. सूत्र जुळलं, अक्षर न अक्षर. पिवळं करायला पेन्सिल टेकवली आणि सवयीनं पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडलं. अँगल पाहायला. तिथं काळापुढं अधिक होता.

मला वाटलं, माझंच चुकलं. परत पाहिलं. मग असं वाटलं की या लोकांत चालत असेल, मधे कुठंतरी बदलून घेत असतील. चाळीस ते त्रेपन्न पानं चार वेळा चाळली. बदलून घेतलेलं कुठं दिसेना. कोसळणारं परत फिरतं ती, दादानं मला आधीच दाखवून ठेवलेली ओळ त्रेपन्नाव्या पानावर होती आणि एकेचाळीसमधल्या त्याच सूत्रातून निघाली होती. मी पुस्तक मिटलं, सर्दी झाली म्हणून सांगितलं आणि घरी आलो.

तीन दिवस गेलो नाही. बायकोला म्हटलं, मला कळत नाही ही चूक आहे की नाही, आणि असली तर सांगायची की नाही. माणूस सत्तरीचा. एवढंच एक त्याच्याजवळ आहे. त्या विद्यार्थिनीचं पुस्तक, तिचं नाव. बायको म्हणाली की सांगू नका, कुणाला कळतंय. हेच मला टोचलं. कुणाला कळणार नाही म्हणूनच तर त्यानं मला बसवलं होतं. चौथ्या दिवशी ताई कुंपणाशी आली.

"कावून येऊन नाही राहिला तू? तो दोन्ही पेन्सिली मांडून बसते, अन् मंग उचलून ठेवते."

गेलो. दोन्ही पानं त्याच्यापुढं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हटलं, दादा, अँगल जुळत नाही. त्यानं पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. मग चष्मा लावून बोटानं दोन्हीकडचं चिन्ह पकडलं, एका हातानं इथलं, दुसऱ्या हातानं तिथलं.

"लाल कर," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुम्ही करा.

"लाल पेन्सिल चेकरची. काढणाऱ्याची नाही."

केलं. गोल नीट आला नाही. मला वाटलं आता तो पानं मिटेल. त्यानं विचारलं की पुढच्या पानांवर पेन्सिल का फिरली नाही, आणि मला बसवून शंभर पानं पुरी करून घेतली, चुकीच्या पायावरची सगळी, एकेक ओळ. मला त्याचा राग आला. रडावं असा राग. जेवायला पाटोडीचा रस्सा होता. तो दोन वाट्या जास्त प्याला आणि मी ताट तसंच सरकवलं. त्याला दुःख झालं होतं की सुटका झाली होती, मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

फोन त्यानं माझ्यासमोरच लावला. विद्यार्थिनीला सांगितलं की पान एकेचाळीस, चिन्हांची सरमिसळ, परत फिरत नाही, संपते. मग ती काहीतरी सुचवू लागली, अमुक धरलं तर वाचेल, तमुक जोडलं तर वाचेल. दादा नाही नाही म्हणत राहिला. शेवटी तिनं विचारलं असावं की शोधलं कुणी. "आमच्या कारखान्याचा चेकर," दादा म्हणाला. पलीकडून आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला कळलं नाही, आणि दादानं सांगितलं नाही. तिनं पुस्तकातलं ते प्रकरण काढून टाकलं. पुढं वर्षभर तिचा फोन आला नाही. मग येऊ लागला.

जिथं मूळ गणित छापलं होतं तिथं पाठवायला दादानं दुरुस्ती लिहिली. एक पानसुद्धा नाही. आपल्याजवळच्या प्रतीवर खाली उजव्या कोपऱ्यात त्यानं पट्टीनं चौकट आखली, तीन घरांची. पहिल्यात स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"मी नाही करत," मी म्हटलं. "मले काही समजलं नाही यातलं."

"ही समजल्याची सही नाही, लेका. पाहिल्याची आहे. चौतीस वर्षं काय करत होता?"

चौतीस वर्षं मी न समजलेल्या यंत्रांवर सह्याच केल्या होत्या. तरी हात पुढं होईना. मला वाटलं की ही सही केली तर दादाचं आयुष्य चुकलं यावर माझं नाव लागेल. मी पेन बंद केलं. त्यानं आग्रह केला नाही. तिसऱ्या घरात कोण सही करणार होतं हे विचारायचंही राहिलं. कागद त्यानं पुस्तकात ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी परत ओसरीवर उकिडवा बसून पहिल्या ओळीपासून लिहू लागला. डोक्यावर लिहिलं, काळ वजा.

त्यानंतर दोन वर्षं होता. आमचं बोलणं होतं, शेंगदाणे होते. तपासायला मात्र त्यानं मला परत बोलावलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. गेल्या मार्चमध्ये सकाळी चहा झाल्यावर तो खुर्चीतच गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. आठवड्यानं ताईनं मला बोलावलं. ओसरी लखलखीत पुसलेली होती, आणि मधोमध एक चौकट तशीच. धूळ बसली होती, अक्षरं दिसत होती. ताई म्हणाली, "लोकं येते, त्यावर पाय पडते. मले पुसाचं आहे. पण तू पाहून घे एकदा." आणि तिनं खडूंचा डबा माझ्या हातात दिला. दुरुस्ती पाठवल्यानंतर दादानं तो आणल्याचं ती म्हणाली. पांढरे खडू सगळे झिजलेले, बोटभरसुद्धा उरलेले नाहीत. पिवळे आणि लाल मात्र अख्खे. दोन वर्षांत एकदाही टेकवलेले नाहीत.

ते माझ्यासाठी होते, हे कळायला मला काही शिकावं लागलं नाही. मी तिथंच बसलो. गुडघे माझेही गेलेले आहेत, पण बसलो. डोक्यावर काळ वजा होता. पहिली ओळ, दुसरी ओळ, बोटानं चिन्ह पकडायचं, खालच्या ओळीत शोधायचं, पिवळं. सातव्या ओळीत एक वजा सुटला होता. आठवीत परत आलेला होता, म्हणजे उतरवताना राहिला असणार. तिथं लाल केलं. शेवटची ओळ बरोबरच्या दोन आडव्या रेघांशी येऊन थांबली होती, पुढं काही नव्हतं. परत फिरतं की संपतं, मला कळायला मार्ग नव्हता.

ताईनं विचारलं, बरोबर आहे का?

मी म्हटलं, जेवढं आहे तेवढं पाहिलं.

मग खाली उजव्या कोपऱ्यात तीन घरं आखली. पहिलं दादाचं, ते मोकळं सोडलं. दुसऱ्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कारखान्यात करायचो तशी सही. ताईनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "झालं?" मी झालं म्हटलं आणि भिंत धरून उठलो. मग तिनं बादली आणली.